आकाशवाणीचं बातमीपत्र की खाजगी वृत्तवाहिनी?

रोजच्या बातम्यांसाठी एकच सवय ठेवायची तर कोणती, या प्रश्नावर मीही बरेच दिवस अडलो होतो. शेवटी एक निवडली.

आधी पैशाचं बोलू, कारण संशय तिथूनच सुरू होतो. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरायचे दिवस १९८० च्या दशकातच संपले. १९९७ साली आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही संस्था कायद्याने स्वायत्त झाली, पण पगार अजून केंद्राच्या अनुदानातूनच होतात. त्यामुळे मंत्र्यांचे कार्यक्रम आधी, विरोधकांचं म्हणणं दोन वाक्यांत, असं बऱ्याचदा जाणवतं. मला ते खटकतं. आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्येच याहून मोकळी रचना सुचवली होती, ती तशी आलीच नाही. त्यात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, म्हणजे रेडिओवर दुसरा आवाजच नाही.

वाहिन्यांवर विरोधक निदान दिसतात, बोलतात. कॅमेराही लवकर पोचतो. मात्र त्यांचं पोट जाहिरातींवर, आणि जाहिरातदारांत सरकारंही असतात. कुणाचा किती पैसा आला, हे बघणाऱ्याला कळत नाही.

माझं ठरलं ते ‘ब्रेकनंतर’ या एका शब्दामुळे. एका पावसाळ्यात आई नदीकाठच्या गावी एकटी होती. धरणातून किती पाणी सोडलंय, एवढंच मला हवं होतं. वाहिनीवर तोच पूल, तेच गढूळ पाणी, मग जबाबदार कोण यावर दोन प्रवक्त्यांची जुंपलेली. आकडा ‘ब्रेकनंतर’. तीन ब्रेक झाले, पाऊण तास गेला, आकडा आलाच नाही. सकाळी आकाशवाणीच्या दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांत ती दुसऱ्या क्रमांकाची बातमी होती: किती क्युसेक, कोणत्या गावांना इशारा. लगेच आईला फोन केला.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. चर्चा ऐकायची आवड असेल, तर रेडिओ कोरडा वाटेल. निकालाच्या दिवशी मीही वाहिनीच लावतो. पण आकाशवाणीचं झुकतं माप कुठे असतं हे आधीच ठाऊक असतं, तेवढं वजा करून ऐकता येतं. वाहिनीचं पारडं आज कुणी धरलंय, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. विरोधकांची बाजू वाचायला एक वर्तमानपत्र लावलंय, ते रेडिओ ऐकून झाल्यावर उघडतो.