एक पाय फेकते, दुसरी पाय कापून घेते

मैत्रिणीचा नुकताच घटस्फोट झालाय, वय पंचेचाळिशीचं, आणि तिला हसवेल असं एकच पुस्तक द्यायचंय. माझ्या डोळ्यांसमोर दोन येतात, दोन्ही १९८३ ची, दोन्ही इंग्रजी: अमेरिकेच्या नोरा एफ्रनची 'हार्टबर्न' आणि ब्रिटनच्या फे वेल्डनची 'द लाइफ अँड लव्ह्ज ऑफ अ शी-डेव्हिल'.

'हार्टबर्न'मधली रेचल पाककृतींची पुस्तकं लिहिते. सात महिन्यांची गरोदर असताना तिला नवऱ्याचं प्रकरण कळतं. एफ्रनचा स्वतःचा संसार पत्रकार कार्ल बर्नस्टाइनबरोबर असाच मोडला होता, त्यामुळे यातला विनोद पोळलेल्या बाईचा आहे. रडता रडता रेचल मध्येच बटाट्यांची कृती सांगते, आणि ते विचित्र वाटत नाही. आपल्याकडेही कुणी गेलं तरी चहा टाकावाच लागतो. नवऱ्याला वेड लावणारं तिचं सॅलडचं ड्रेसिंग: दोन चमचे मोहरीची पेस्ट, दोन चमचे व्हिनेगर, आणि काट्याने फेटत फेटत सहा चमचे ऑलिव्ह तेल. ही कृती तिने त्याच्यापासून लपवून ठेवलेली असते. भर पार्टीत ती त्याच्या तोंडावर लिंबाचा पाय मारते (खायचा पाय, इंग्रजी 'pie', गोड सारणाचा; गैरसमज नको).

वेल्डनची रूथ सहा फूट दोन इंच, बेढब. तिच्या घरात आदर्श पत्नीची एक प्रार्थनाच चालते: आनंद नसला तरी आनंदी दिसायचं, सगळ्यांसाठी. आपली व्रतकथा सांगते, उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका. रूथ वसा टाकते, उतते आणि मातते. घर जाळते, मुलं नवऱ्याच्या प्रेयसीच्या दारात सोडून येते. मधल्या भागात ती बायकांना कामं मिळवून देणारी एजन्सी काढते. नव्याने उभं राहणं म्हणतात ते मला या पुस्तकात तिथेच दिसलं. पुढे ती शस्त्रक्रिया करून, पायसुद्धा कापून आखूड करून, त्या प्रेयसीसारखीच होते. तिथे हसू घशात अडकतं.

सिनेमे बघून ठरवणार असाल तर गंमत आहे. १९८६ च्या 'हार्टबर्न'मध्ये मेरिल स्ट्रीप फसवली गेलेली बायको, आणि १९८९ च्या 'शी-डेव्हिल'मध्ये तीच प्रेयसी! पण या दुसऱ्या सिनेमाने पुस्तकाचे दात काढलेत, शस्त्रक्रिया गायबच. त्यापेक्षा याच पुस्तकावरची बीबीसीची १९८६ ची मालिका बघा.

जखम ताजी असेल तर मी डोळे मिटून 'हार्टबर्न' देईन. दोनशे पानांच्या आतलं, दोन बैठकांत संपतं. 'शी-डेव्हिल' राग थोडा निवल्यावर. पोटगीचा वाद अजून कोर्टात असेल तर मुळीच नको: त्यातही एक कृती आहे, हिशेबात फेरफार करून नवऱ्याला तुरुंगात पाठवण्याची.