डॉक्टर-नर्ससाठी व्यसनमुक्ती: मुक्तांगण कुठे पुरतं, कुठे कमी पडतं

डॉक्टर, नर्स, ओटी टेक्निशियन मदत मागायला कचरतात ते दोन धास्तींपायी: नोकरी आणि ओळखीचे चेहरे. पहिलीला कायद्याचा बऱ्यापैकी आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 दारू-ड्रग्जच्या आजारालाही लागू आहे आणि कलम 23 ने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, मोजके अपवाद सोडून. बातमी फुटते ती बहुधा कागदांवरून. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेलेच असतात. तरीही नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत क्लेम टाकला, तर पैसे मिळत नाहीत आणि फाइल मात्र टेबलोटेबली फिरते. खर्च खिशातून करा. रजेच्या दाखल्यावर नेमकं काय लिहिणार, तेही आधीच विचारून घ्या.

दुसऱ्या धास्तीवर येरवड्याच्या मुक्तांगणकडे अर्धंच उत्तर आहे. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुलं-सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर सुरू केलेलं हे केंद्र. निवासी उपचार 35 दिवसांचे, भर गटात बसून बोलण्यावर, आणि बरेच समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. 'मला फार्माकॉलॉजी कळतं' हा डॉक्टरी तोरा तिथे चालत नाही, आणि तो उतरणं हाच निम्मा इलाज. पण त्याच गटात कालचा पेशंट समोर बसू शकतो. तेवढ्यासाठी पाय अडत असेल, तर सरळ दुसऱ्या शहरातलं केंद्र गाठा. बायकांसाठी मुक्तांगणचा निशिगंध हा वेगळा विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

सगळ्यात घातक म्हणजे घरच्या घरी, स्वतःच चिठ्ठी लिहून केलेलं डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवणं. शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, 48 ते 72 तासांत डिलिरियम, म्हणजे भ्रमिष्टपणा. ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व), लिव्हर बिघडलेलं असेल तर शांत करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी लोराझेपाम, हे डॉक्टरला पाठ असतं. स्वतःच्या हाताला कंप सुटल्यावर आठवत नाही.

डायसल्फिराम (दारू शरीरात गेली की त्रास देणारी, दारू सोडवण्याची गोळी) सुरू करणार असाल तर वॉर्डातल्या हँड रबचा विचार करा. दिवसातून तीसदा अल्कोहोल चोळणाऱ्याचा चेहरा लाल होऊन छाती धडधडू शकते. शक्य तिथे साबण-पाणी वापरा. नाल्ट्रेक्झोनच्या (अफूवर्गीय औषधांचा परिणाम अडवणाऱ्या गोळीच्या) आधी फेंटानिल, ट्रामाडॉल, फोर्टविन ही अफूवर्गीय वेदनाशामकं सगळी 7 ते 10 दिवस बंद हवीत, नाहीतर विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, एकदम उसळतो.

एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देतं, पण ती सेवनापुरती किंवा अल्प प्रमाणापुरती. ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) इंजेक्शनची ॲम्प्युल उचलल्याची चोरी त्यात माफ होत नाही. उपचार अर्धवट सोडले तर सूटही जाऊ शकते.

खरी उणीव डिस्चार्जनंतर जाणवते. ब्रिटनमध्ये 2008 पासून डॉक्टरांसाठी वेगळी गोपनीय सेवा आहे. आपल्याकडे घडी स्वतःच बसवावी लागते: विश्वासातल्या एका वरिष्ठाला सांगायचं, काही महिने नार्कोटिक कपाटाची किल्ली घ्यायची नाही, उरलेलं औषध दोन सह्यांनी टाकायचं आणि अधूनमधून अचानक लघवीची तपासणी. तीही नीट निवडा. अफूवर्गीय औषधं शोधणाऱ्या नेहमीच्या ओपिएट पट्टीवर फेंटानिल दिसत नाही. लॅबला नाव सांगून वेगळी चाचणी मागावी लागते.