प्रॉक्समॉक्सचं एचए स्टेटस: हिरव्या ‘ओके’च्या पलीकडे काय बघायचं (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

प्रॉक्समॉक्स म्हणजे सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली, आणि एचए (हाय अव्हेलेबिलिटी) म्हणजे एक सर्व्हर पडला की त्यावरच्या व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी तिची सोय. आधी सेटअप. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतली छोटी सर्व्हर रूम, प्रॉक्समॉक्स व्हीई 8 चे तीन नोड (एका क्लस्टरमध्ये जोडलेले सर्व्हर), प्रत्येकी 128 जीबी रॅम, व्हीएमच्या डिस्क एनएफएसच्या, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या नोडांना मिळणाऱ्या, शेअर्ड स्टोरेजवर. एकूण 22 व्हीएम, पैकी 14 एचएमध्ये. लायसन्सचे पैसे न भरता एवढं मिळतं, हे मोठंच काम. पण डेटासेंटरखालच्या एचए पानावर वरच्या ओळीत ‘क्वोरम ओके’ दिसलं की सगळं ठीक, असं समजून निघून जाणाऱ्यांची फसगत ठरलेली. क्वोरम म्हणजे नोडांच्या मतांचं बहुमत; ती ओळ फक्त एवढंच सांगते की तीनपैकी निदान दोन मतं जमली आहेत.

खरं वाचायचं ते खाली. शेलमध्ये ‘एचए-मॅनेजर स्टेटस’ दिलं की क्वोरमनंतर मास्टरची ओळ येते, मग प्रत्येक नोडच्या एलआरएमची, मग एकेका सर्व्हिसची (म्हणजे एचएमध्ये घातलेल्या व्हीएमची). सीआरएम म्हणजे निर्णय घेणारा, एका वेळी एकाच नोडवरचा सीआरएम मास्टर असतो. एलआरएम म्हणजे आपल्या नोडवर तो निर्णय अमलात आणणारा. मास्टरच्या आणि एलआरएमच्या ओळींतला टाइमस्टँप दर काही सेकंदांनी पुढे सरकायला हवा. तो 30 सेकंदांपेक्षा जुना झाला की तिथेच ‘ओल्ड टाइमस्टँप – डेड?’ असं येतं. हे प्रश्नचिन्ह फार प्रामाणिक आहे. नोड खरंच पडला, की नुसता एलआरएम अडकला, हे त्या ओळीवरून कळत नाही, त्या नोडचे जर्नल लॉग बघावेच लागतात. ‘डिटेक्टेड टाइम ड्रिफ्ट’ दिसलं तर घड्याळं जुळत नाहीत. क्रोनीला (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला) बाहेरचा टाइम सर्व्हर गाठता येतो का, फायरवॉल आडवा येतोय का, ते आधी पाहा.

एखाद्या एलआरएमपुढे ‘आयडल’ दिसलं म्हणून घाबरू नका. त्या नोडवर सध्या एचएची एकही सर्व्हिस नाही, एवढाच अर्थ. अशा नोडवर एलआरएमने वॉचडॉग (वेळेत खूण मिळाली नाही तर नोड रीसेट करणारा टायमर) धरलेला नसतो, त्यामुळे क्वोरम गेला तरी एलआरएमपायी तो स्वतःला रीसेट करत नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ नोड मात्र करतो, साधारण 60 सेकंदांत. नवीन माणसाला हे कोणीतरी आधी सांगायला हवं, नाहीतर तो आपोआप रीबूट झालेल्या सर्व्हरची रॅम तपासत दिवस घालवतो. जर्नलमध्ये वॉचडॉग सांभाळणाऱ्या वॉचडॉग-मक्सची ‘क्लायंट वॉचडॉग एक्स्पायर्ड’ ही ओळ सापडली की हार्डवेअरवरचा संशय सोडा आणि नेटवर्ककडे वळा.

मुंबईत नेटवर्कची अडचण बहुतेक वेळा विजेपासून सुरू होते. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीतल्या साध्या सॉकेटवर, ही जोडी जागोजागी दिसते. पावसाळ्यात दोन सेकंद लाइट जाते, सर्व्हरना कळतही नाही, पण स्विच पुन्हा उभा राहायला दीड-दोन मिनिटं घेतो. तेवढ्यात तिन्ही नोड एकमेकांना दिसेनासे होतात, कोणाकडेच क्वोरम उरत नाही आणि एचएच्या सर्व्हिस असलेले सगळे नोड एकदम रीसेट होतात. एचए नसतं तर त्या दोन मिनिटांत व्हीएम चालूच राहिल्या असत्या, हा भाग विनोदी वाटेल, पण खरा आहे. उपाय दोन: स्विच यूपीएसवर घ्या आणि कोरोसिंकला (नोडांमधला संपर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) दुसऱ्या स्विचवरून दुसरी लिंक द्या. कोरोसिंकची लिंक स्टोरेजच्या ट्रॅफिकपासून वेगळी ठेवा, 1 गिगाबिट पुरतं. त्याला बँडविड्थ फार लागत नाही, पण लेटन्सी (संदेश पोचायला लागणारा वेळ) 5 मिलिसेकंदांच्या आत हवी. बॅकअपच्या वेळी लॉगमध्ये ‘रीट्रान्समिट लिस्ट’ दिसू लागली, तर दोन्ही ट्रॅफिक एकाच वायरवर आहेत असं समजा.

एक साइट महापेला आणि एक अंधेरीत, असा दोन नोडांचा क्लस्टर करणाऱ्यांनी तिसरं मत तिसऱ्या जागी ठेवावं. असं जास्तीचं मत देणाऱ्या क्यूडिव्हाइससाठी छोटं मशीन पुरतं. ते दोघांपैकी एका साइटवर ठेवलं, तर रस्ता खोदताना फायबर तुटल्यावर कोणती बाजू जगणार हे आधीच ठरून जातं.

आता सर्व्हिसच्या ओळी. ‘स्टार्टेड’ आणि ‘स्टॉप्ड’ सरळ आहेत. ‘फेन्स’ म्हणजे नोड गेला, त्याचा लॉक (तिथल्या सर्व्हिस चालवायचा हक्क) मिळायची वाट चालू आहे. याला सुमारे दोन मिनिटं लागतात, त्यावर व्हीएम बूट व्हायचा वेळ. एचए म्हणजे अखंड चालणं नव्हे, दुसरीकडे पुन्हा सुरू होणं. डेटाबेसवाल्यांना हे लेखी द्या.

‘फ्रीझ’ सगळ्यांत जास्त गोंधळात टाकतं. शटडाउन पॉलिसी मुळात ‘कंडिशनल’ असते: नोड बंद केला तर सर्व्हिस दुसरीकडे जातात, पण रीबूट केला तर गोठवल्या जातात आणि नोड परत येईपर्यंत बंदच राहतात. कर्नल अपडेटनंतर जुना सर्व्हर रॅम तपासत दहा मिनिटं बूट होत असेल, तर तेवढा वेळ व्हीएम गायब. डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये ही पॉलिसी ‘मायग्रेट’ करा, किंवा काम सुरू करण्याआधी त्या नोडला मेंटेनन्स मोडमध्ये टाका.

‘एरर’ आली की एचए त्या व्हीएमला हातच लावत नाही. ठरलेलं कारण म्हणजे सीडी ड्राइव्हमध्ये विसरलेली, लोकल स्टोरेजवरची आयएसओ फाइल. दुसऱ्या नोडवर ती नसते, व्हीएम सुरू होत नाही, आणि एक रीस्टार्ट व एक रीलोकेट हा मुळातला कोटा तिथेच संपतो. पासथ्रू केलेलं (थेट एका व्हीएमला दिलेलं) कार्ड हे दुसरं कारण. तिसरं रॅमचं: तीन नोडांवर मिळून 300 जीबी वाटली असेल, तर एक पडल्यावर उरलेल्या 256 मध्ये ती बसणार कशी? मुळातला शेड्युलर सर्व्हिसची संख्या मोजतो, रॅम नाही. बाहेर पडण्याचा क्रम असा: रिक्वेस्ट स्टेट (आपण मागितलेली स्थिती) ‘डिसेबल्ड’ करा, कारण दूर करा, मग ‘स्टार्टेड’ करा. डिसेबल न करता स्टार्ट दाबत बसलात तर काही हलणार नाही.

ग्राहकांची हमखास तक्रार: विंडोज आतून शटडाउन केलं तरी पुन्हा चालू होतं. होणारच, रिक्वेस्ट स्टेट ‘स्टार्टेड’ आहे. बंद करायचं ते प्रॉक्समॉक्सच्या पानावरून.

माझी खरी नाराजी एकाच बाबतीत. नोड फेन्स झाला की सूचना येते, पण कोरोसिंकच्या दोनपैकी एक लिंक तुटली तर काहीच येत नाही. क्वोरम ओके, एलआरएम अ‍ॅक्टिव्ह, सगळं हिरवं, आणि क्लस्टर एका वायरवर लटकलेला. जोरदार पावसात डोंबिवलीहून माणूस लोकलने अंधेरीत पोचणार नाही हे धरून चाला आणि दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून ‘कोरोसिंक-सीएफजीटूल’ एस पर्यायासह चालवा. ‘डिसकनेक्टेड’ शब्द सापडला की मेल. स्क्रिप्ट चार ओळींची आहे, आणि ती तिन्ही नोडांवर हवी, कारण प्रत्येक नोड फक्त आपल्या बाजूने दिसणारी लिंक सांगतो.