फ्रेम झकास, पण सारोनी कापला!

स्टुडिओच्या भिंतीसाठी लेखक ऑस्कर वाइल्डचा, छायाचित्रकार नेपोलियन सारोनीने काढलेल्या मालिकेतला १८ नंबरचा फोटो ऑनलाइन मागवला. प्रिंट उत्तम आहे, हे आधी सांगतो. मॅट कागद, चकाकी नाही आणि काळ्या भागातही बारकावे शाबूत. नाहीतर जुन्या फोटोंतल्या काळ्याचं छपाईवाले डांबर करतात.

आणि माणूस काय बसलाय! हात गालाला, केस मानेपर्यंत. वय २७, नावावर एक कवितासंग्रह. १८८२ च्या जानेवारीत हा व्याख्यानं द्यायला न्यूयॉर्कला उतरला. दौरा ठरवणारा डॉयली कार्ट, म्हणजे सौंदर्य हेच सर्वस्व मानणाऱ्या असल्या सौंदर्यवाद्यांची टर उडवणाऱ्या 'पेशन्स' या संगीतिकेचाच निर्माता. नमुना पाहिल्याशिवाय अमेरिकनांना विनोद कळणार कसा? पण सुमारे १४० व्याख्यानं देऊन नमुन्यानेच बाजी मारली. बॉस्टनला हार्वर्डची साठेक पोरं त्याच्यासारख्या तोकड्या विजारी घालून, हातात सूर्यफुलं घेऊन खिजवायला आली, तर पठ्ठ्या त्या दिवशी नेमका चारचौघांसारख्या पोशाखात हजर! घर कसं सजवावं हे तो लोकांना सांगत हिंडला आणि जाहिरातवाल्यांनी त्याचाच चेहरा आपल्या मालावर चिकटवला.

तो चेहरा घरोघरी गेला नेपोलियन सारोनीच्या कॅमेऱ्यातून. एका लिथोग्राफ (शिळाछाप) कंपनीने याच १८ नंबरच्या ८५,००० प्रती परस्पर छापल्या. सारोनी कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं, फोटो यंत्र काढतं, त्यात कर्ता कसला? १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सारोनीच्या बाजूने निकाल दिला: बसवणं, कपडे, पडदे, उजेड, सगळी कल्पना त्याची. फोटोवर नुसतं 'एन. सारोनी' छापलेलं चालतं का, यावरसुद्धा तिथे खल झाला. चालतं, म्हणाले.

आणि या विक्रेत्याने नेमकी नावाची पट्टीच उडवली! शिवाय फोटोखाली छापलंय काय, तर वाइल्डने कस्टमवाल्यांना ऐकवलं म्हणून सांगतात ते 'माझ्याकडे जाहीर करण्यासारखं प्रतिभेशिवाय काही नाही' हे वाक्य, ज्याला त्या काळचा एकही पुरावा नाही. लग्नात मी काढलेला फोटो नवरदेवाच्या मामेभावाच्या स्टेटसवर लोगो कापून झळकतो, तेव्हा होतं तसंच झालं. विचारलं तर उत्तर आलं, "सर, खालचं अक्षर डागासारखं दिसत होतं."

पाचपैकी तीन तारे. बदलून देत नाहीत. फ्रेम उघडून खालच्या पांढऱ्या कडेवर मीच बारीक पेनाने 'एन. सारोनी' लिहिलंय.