चियांग माई: अकरा महिने राहून झाल्यावर

परवा किल्ली परत दिली. दोन महिन्यांच्या डिपॉझिटमधून घरमालकीणबाईंनी ८०० बाट कापले, कारण काय तर गॅसच्या मागच्या भिंतीवर फोडणीचा पिवळा डाग. मी वाद घातला नाही कारण डाग होताच, आणि हळदीचा डाग म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

मी आणि बायको नोव्हेंबर २०२४ ला नाशिकहून इथे, उत्तर थायलंडला आलो, माझं काम पूर्ण रिमोट, तिने नोकरीतून ब्रेक घेतला होता. मधे साडेतीन आठवडे घरी गेलो होतो ते सोडलं तर सलग इथेच. इंटरनेटवर चियांग माईबद्दल जे सापडतं ते एकतर चार दिवसांच्या ट्रिपवाल्यांचं असतं नाहीतर "महिन्याला ४० हजारात राजासारखं राहा" वाल्यांचं. दोन्ही वाचून आम्ही आलो आणि दोन्हींनी अर्धंच सांगितलं होतं, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी पैसे, कारण सगळे तेच विचारतात. आम्ही संतिथाम भागात राहिलो, जुन्या शहराच्या खंदकाच्या उत्तरेला, निम्मान या कॅफेवाल्या भागापासून स्कूटरवर सात मिनिटं. वन बेडरूम, ११,००० बाट. निम्मानमधे तसाच फ्लॅट १६-१७ ला होता आणि शिवाय डोक्यावरून विमानं, एअरपोर्ट गावाला इतका चिकटून आहे की निम्मानच्या कॅफेत बसलात तर विमान आलं की बोलणं थांबवायचं, गेलं की पुढे चालू. आम्ही होतो तेव्हा एक बाट अडीच-पावणेतीन रुपयांच्या मधे फिरत होता, त्यामुळे हिशोब करून घ्या. एक गोष्ट मात्र करार करण्याआधी विचाराच, वीज सरकारी मीटरची आहे का बिल्डिंगची. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास, बिल्डिंगवाले सात-आठ लावतात, आणि एप्रिलमधे एसी चोवीस तास चालतो तेव्हा हा फरक भाड्याएवढा दुखतो. पाणी प्यायला गल्लीतलं मशीन, एक बाट टाकली की साधारण लिटरभर, आपली रिकामी बाटली घेऊन जायचं. मला या शहरातली ही सगळ्यात आवडलेली सोय, हसू नका.

व्हिसाचं थोडक्यात. टुरिस्ट म्हणून भारतीयांना तेव्हा ६० दिवस व्हिसाशिवाय मिळत होते, पण वर्षभर राहायचं तर ते जुगाड नको म्हणून आम्ही डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, रिमोट काम करणाऱ्यांना चालतो तो) केला, जो जुलै २०२४ मधे सुरू झालाय. पाच वर्षांचा व्हिसा, एका एंट्रीवर १८० दिवस, फी १०,००० बाटच्या घरात आणि खात्यात ५ लाख बाट दाखवायचे, तेव्हाच्या भावाने साडेबारा लाख रुपये. कागदपत्रं पुष्कळ, डोकेदुखी मध्यम. आल्यावर घरमालकाने तुमचा पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो त्याला टीएम३० म्हणतात, आमच्या बाईंनी कळवलंच नव्हतं आणि ते आम्हाला ९० दिवसांच्या रिपोर्टिंगला रांगेत दीड तास उभं राहिल्यावर कळलं. पहिल्या दिवशीच त्या पावतीचा फोटो मागून ठेवा.

आता शहर. चियांग माई म्हणजे "नवं शहर", आणि वसवलंय १२९६ मधे, राजा मंगरायने, लान्ना राज्याची राजधानी म्हणून. म्हणजे नाव नवं आणि वय सव्वासातशेच्या वर. मधे चौकोनी जुनं शहर, भोवती खंदक, पश्चिमेला डोई सुतेपचा डोंगर. तो डोंगर आमच्या बाल्कनीतून दिसायचा, रात्री वरच्या देवळाचे दिवेसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

गेलो तेव्हा नाइट बझारच्या बाजूला दुकानांच्या शटरवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. ऑक्टोबर २०२४ मधे पिंग नदीला महापूर आला होता, नवरात पुलापाशी पाणी ५.३० मीटरला गेलं, आजवरची सगळ्यात जास्त पातळी. वर माए तेंगला हत्तींच्या एका केंद्रात दोन हत्ती बुडून मेले. आम्ही बघत होतो तेव्हा लोक भिंती धूत होते आणि शेजारच्याच टपरीवर मँगो स्टिकी राइस सुरू. महिनाभरात बऱ्याच रेघा रंगाखाली गेल्या, पण एका शिंप्याच्या दुकानात त्याने ती तशीच ठेवली होती आणि वर मार्करने तारीख टाकली होती.

खाण्याचं आमच्या घरात दोन पक्ष. बायको शाकाहारी, मी डुक्कर-गाय सोडून सगळं. तिच्यासाठी जादूचा शब्द म्हणजे "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असतं, ते दिसलं की डोळे मिटून आत जायचं, मांस-मासे नाहीत, अंडं-दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासवाल्यांची परदेशात इतकी सोय कुणी केली नसेल. बाकी ठिकाणी "व्हेज" सांगितलं तरी नाम प्ला म्हणजे माशाचं सॉस पडतंच, त्यांच्या लेखी ते मीठच. आणि शुक्रवारी सकाळी बान हो मशिदीसमोरचा बाजार चुकवू नका. चीनच्या युनान प्रांताकडचे मुसलमान, बर्माकडचे शान लोक, बर्मीज, डोंगरातले लोक, सगळे माल घेऊन येतात. तिथे शान लोकांचा टोफू मिळतो, पिवळा, सोयाबीनचा नाही तर बेसनाचा. त्याची गरम पातळ आवृत्ती नूडल्सवर ओततात. बायकोने पहिला चमचा खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अरे हे पिठलं आहे. खरंच पिठलं! फक्त फोडणीऐवजी वर शेंगदाणे नि तिखट तेल. त्यानंतर दर शुक्रवारी.

आणि आता धूर. याबद्दल लोक एका ओळीत "फेब्रुवारी ते एप्रिल जरा पोल्युशन असतं" असं लिहून मोकळे होतात ना, त्यांना मार्चमधे इथे आणून उभं केलं पाहिजे. झालं असं की जानेवारीअखेर डोंगर फिका झाला, फेब्रुवारीच्या मध्यावर नुसती रेघ राहिली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेला. म्हणजे पूर्ण गेला. सोळाशे मीटरचा डोंगर समोर होता हे नव्या माणसाला सांगून पटलं नसतं. कारणं सगळ्यांना पाठ आहेत, मक्याची धसकटं जाळतात, जंगलात वणवे लागतात, काही लावले जातात कारण हेत थोप नावाची अळंबी जळक्या जमिनीवर चांगली येते असा समज आहे, बर्मा-लाओसकडूनही धूर येतो, आणि शहर बशीत बसल्यासारखं, त्यामुळे आलेला धूर हलत नाही. पण मका खातं कोण? कोंबड्या नि डुकरं, पशुखाद्याच्या कंपन्या. त्यामुळे डोंगरातल्या शेतकऱ्याला शिव्या घालणाऱ्या कॅफेतल्या लोकांची मला जरा गंमतच वाटायची, ताटात चिकन आणि तोंडात "हे लोक का जाळतात".

डब्ल्यूएचओ म्हणतं चोवीस तासांची पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, सरासरी १५ च्या आत हवी. आमच्या हॉलमधल्या छोट्या मीटरवर मार्चमधे एका रात्री २१० बघितलंय, प्युरिफायर चालू असताना, कारण मी खिडकीची फट टेपने बंद करायला विसरलो होतो. घसा, डोळे, डोकं. बायकोला लहानपणी दमा होता तो परत आला, नेब्युलायझर घ्यावा लागला. तरी आम्ही पळालो नाही, का तर भाडं भरलंय, हा शुद्ध नाशिककर मूर्खपणा. ज्यांना जमतं ते सगळे दक्षिणेला समुद्राकडे जातात, आणि ज्यांना जमत नाही ते म्हणजे इथले खरे रहिवासी, ते मास्क लावून भाजी विकतात.

त्यातच २८ मार्च, शुक्रवार. बाजारातून टोफू घेऊन आलो, जेवत होतो, दुपारी सव्वाच्या पुढे दिवा हलायला लागला. मला वाटलं चक्कर येतेय, धुरामुळे. मग प्युरिफायर स्वतःहून सरकला. बर्माचा ७.७ चा भूकंप, इथेसुद्धा जबरदस्त जाणवला. चौथ्या मजल्यावरून अनवाणी खाली, सगळी गल्ली रस्त्यावर. उंच कॉन्डोंना तडे गेले, काही ठिकाणी लोकांना रात्री घरी सोडलं नाही. आमच्या जुन्या पाच मजली इमारतीला काही झालं नाही, आणि त्यानंतर मी स्विमिंग पूलवाल्या टॉवरचा विषय परत काढला नाही. जुन्या शहरात वाट चेदी लुआंग या देवळाचा तुटका स्तूप आहे, त्याचा वरचा भाग १५४५ च्या भूकंपात कोसळला आणि मग परत कधी बांधला नाही. भूकंपानंतर चार दिवसांनी मुद्दाम जाऊन बघितला. आधी तीनदा फोटो काढले होते त्याचे, पण तेव्हा ते नुसते फोटो होते.

पर्यटनाचं चित्र मात्र आमच्या डोळ्यांदेखत बदललं. था फे गेटसमोर कबुतरं उडवून फोटो काढून देणारे लोक असतात. एक जण रिफ्लेक्टर धरतो, एक जण पाय आपटतो, कबुतरं भर्रकन उडतात, मधे तुम्ही हात पसरून. नोव्हेंबरमधे तो पाय आपटणारा चिनीत मोजायचा, यी, अर, सान. चिन्यांचं इथलं वेड २०१२ पासूनचं, त्यांच्या एका तुफान चाललेल्या विनोदी सिनेमाचं शूटिंग इथे झालं होतं तेव्हापासूनचं. २०१९ मधे थायलंडला एका वर्षात १ कोटीच्या वर चिनी आले होते. मग जानेवारी २०२५ मधे एका चिनी नटाला माए सोतच्या सीमेवरून पलीकडे बर्मात, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर नेल्याची बातमी आली. तो काही दिवसांत सुटला पण चीनमधे अशी घबराट झाली की ऐन त्यांच्या नवीन वर्षात कंदील लावलेली हॉटेलं अर्धी रिकामी. तो माणूस मग कोरियनमधे मोजायला लागला. ऑगस्टमधे माझे आईवडील आले होते, त्यांना घेऊन गेलो तर तो आमच्याकडे एकदाच बघून ओरडला, "एक, दो, तीन!" आणि आई कबुतरांच्या मधे उभी राहून त्याला सांगतेय, दो नाही, दोन.

आपले लोक खरंच वाढलेत. २०२४ मधे थायलंडला २१ लाखांवर भारतीय आले, पूर्वी सगळे बँकॉक-पट्टाया, आता इकडेही ग्रुप येतात. नाइट बझारकडे थाळीच्या पाट्या, हिंदी मेनू. चांगलं की वाईट? पनीर मिळतं म्हणून चांगलं. पण शनिवारी वुआ लाईच्या बाजारात एक काका हाताने चांदीचं ठोकाकाम करणाऱ्या आजीशी १५० चे ८० करा म्हणून दहा मिनिटं भांडत होते, आणि ती हसून मान हलवत होती. इथे हसणं म्हणजे होकार नसतो, पुष्कळदा "आता जा" असतं. मी शरमेने बाजूच्या दुकानात घुसलो आणि तिथे मीच भाव करायला लागलो, ही आपली जात.

एक्सपॅट मंडळींबद्दल. आमच्या खाली एक रिटायर्ड डच गृहस्थ होते, १७ वर्षं इथे. त्यांच्या मते २०१० नंतर लॅपटॉपवाल्यांनी गाव बिघडवलं, त्याआधी लाल सोंगथाव (आपल्या वडापसारखी शेअर गाडी) २० बाटला कुठेही न्यायचा, आता ३०. लॅपटॉपवाला एक ऑस्ट्रेलियन पोरगा म्हणायचा, निम्मान कोविडपर्यंत मस्त होतं, नंतर बिघडलं. कॅफे चालवणारी युनानची बाई सांगायची, जून २०२२ ला गांजा मोकळा झाला आणि रस्त्यांना वास यायला लागला (जून २०२५ मधे परत प्रिस्क्रिप्शन लागू झालं, दुकानं मात्र दिसायची). आणि थानिन मार्केटमधल्या भाजीवाल्या मावशी, ज्यांचा जन्मच इथला, त्यांना मी मोडक्यातोडक्या थाईत विचारलं तर म्हणाल्या, पूर्वी इथे भातशेती होती, आणि मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. थाई बायका वाक्याच्या शेवटी आदराने "खा" लावतात, त्याऐवजी या "जाओ" म्हणतात, उत्तरेकडची गोड बोली, मला अकरा महिन्यांत तेवढीच नीट ओळखता आली.

थोडी तक्रार स्कूटरवाल्याची. भाड्याच्या गाडीचे आधीचे ओरखडे व्हिडिओत घेतले नाहीत, परत देताना त्याने ३,००० मागितले, १,५०० वर तुटलं. घेताना चारी बाजूंनी शूट करा. आणि आंतरराष्ट्रीय परमिटवर मोटरसायकलचा शिक्का आहे ना बघा, फक्त कारचा असेल तर पोलीस दंड करतात आणि अपघातात इन्शुरन्सवाले हात वर करतात.

कुणी यावं? महिना-दोन महिने यायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी, डोळे झाकून. पावसाळाही सुरेख, स्वस्त, डोंगर हिरवागार नि रोज संध्याकाळी तासभर सर. वर्षभर राहायचं तर मार्च-एप्रिलचं भाडं सरळ सोडून द्या आणि घरी आंबे खायला जा, आम्ही सोंगक्रानचं, म्हणजे थाई नववर्षाचं, पाणी खेळून एप्रिलअखेर गेलो ते उशिरा गेलो. लहान मुलं किंवा दमा असेल तर वर्षाचा विचारच करू नका. पाचपैकी चार, मार्चमधे एक.

किल्ली द्यायला गेलो तेव्हा नवे भाडेकरू आधीच आले होते, इंदूरचं तरुण जोडपं, दोघं आयटीत. बाईंनी मला थांबवलं, म्हणाल्या यांना तुमच्या भाषेत सांगा, फोडणी करताना पंखा लावा. मी सांगितलं. मग मीटर, टीएम३०, शुक्रवारचा बाजार, सगळं सांगितलं. भाडं किती ठरलं विचारलं तर १३,५०० म्हणाला. "साडेतेरा? आम्ही आलो तेव्हा..." एवढं माझ्या तोंडातून गेलं आणि बायकोने कोपर मारलं.