कॅक्स्टनचं ट्रॉय: विकतचं रिप्रिंट आणि परतवाड्याची जुजबंदी

ज्यांना फक्त घ्यावं की नाही एवढंच बघायचं आहे, त्यांच्यासाठी निकाल आधी सांगते. ‘द रिक्युएल ऑफ द हिस्टरीज ऑफ ट्रॉय’चं जे पेपरबॅक रिप्रिंट मी ऑनलाइन १,८५० रुपयांना मागवलं, ते घेऊ नका. तेच पुस्तक नंतर मी परतवाड्याच्या एका बाइंडरकडून जुजबंदी करून, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे (जुज) दोऱ्यानं शिवून, दोन खंडांत बांधून घेतलं. छपाई, शिलाई, पुठ्ठा सगळं धरून १,२६० रुपये लागले. तसं करून घ्या. आणि घेताना कॅक्स्टनची प्रस्तावना आणि शेवटचं मनोगत पूर्ण आलंय का, ते स्वतः पानं उलटून बघा. ती दोन ठिकाणं नसतील तर हे पुस्तक अर्धंच आहे असं समजा.

एम.ए.ला असताना आमच्या नोट्समध्ये एकच ओळ होती: इंग्रजी भाषेत छापलेलं पहिलं पुस्तक, छापणारा विल्यम कॅक्स्टन. एका मार्काचा प्रश्न. मी ती ओळ पाठ केली, पुढं ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला शिकवताना मुलांकडून पाठ करून घेतली, पण पुस्तक कधी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता ते वाचायचंच. आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यातलं, घरामागं संत्र्याचा बगीचा. दुपारी वाचायला वेळ भरपूर.

पुस्तकाचा जन्म असा. बर्गंडीचा ड्यूक ‘फिलिप द गुड’ याच्या पदरी राऊल लफेव्र नावाचा धर्मगुरू होता. त्यानं १४६४ साली ट्रॉय या ग्रीकांनी जिंकलेल्या प्राचीन शहराच्या कथा फ्रेंच गद्यात गोळा करायला घेतल्या. कॅक्स्टन हा कापडाचा व्यापारी, आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरातल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा मुखिया. हाताला काम नव्हतं, रिकामं बसणं वाईट, म्हणून त्यानं हे फ्रेंच पुस्तक इंग्रजीत आणायला घेतलं. त्यानं स्वतः तारीख लिहून ठेवली आहे, १ मार्च १४६८. पाच-सहा जुज लिहून झाले आणि धीर सुटला. दोन वर्षं काम तसंच पडून. मग बर्गंडीची डचेस मार्गारेट, म्हणजे इंग्लंडच्या राजाची बहीण, हिनं ते कागद मागवून पाहिले, इंग्रजीतल्या चुका काढल्या, दुरुस्त करायला सांगितलं आणि हुकूमच दिला की उरलेलं पूर्ण कर. १९ सप्टेंबर १४७१ ला कोलोन शहरात भाषांतर संपलं. छापून निघालं १४७३-७४ च्या सुमारास, बहुतेक ब्रूजमध्येच. सुमारे ७०० पानं. त्यातल्या जेमतेम १८ प्रती आज उरल्याचं सांगतात, आणि २०१४ साली लंडनच्या लिलावात एका प्रतीला दहा लाख पौंडांच्या वर किंमत आली.

आपल्या हातात येतं ते ओस्कार सोमर यांनी १८९४ साली लंडनला दोन खंडांत काढलेल्या आवृत्तीचं रूप. ती आवृत्ती फार मेहनतीची आहे. जुनं स्पेलिंग जसंच्या तसं ठेवलंय, शब्दार्थांची सूची आहे, मूळ पुस्तकाच्या आठ पानांचे फोटोही आहेत. तिच्या दोन वर्षं आधी इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसनं आपल्या केल्मस्कॉट छापखान्यातून हेच पुस्तक खास नव्या टाइपात काढलं, पण कागदावर फक्त ३०० प्रती. तो विषय संग्राहकांचा.

आता रिप्रिंटचं. एप्रिलच्या शेवटी पार्सल आलं, तेही घरी नाही. कुरिअरवाला बस स्टँडवरच्या कटलरीच्या दुकानात ठेवून गेला. उघडून पाहते तर एकच खंड. विक्रेत्याच्या पानावर ‘संपूर्ण’ असं स्पष्ट लिहिलं होतं. दुसरा खंड नाही म्हणजे हर्क्युलिसचा मृत्यू नाही, ट्रॉयचा शेवट नाही आणि कॅक्स्टनचं शेवटचं मनोगतही नाही. आहे त्या खंडात स्कॅन इतकं वाकडं की आतल्या बाजूचे शब्द शिवणीच्या घळीत गेलेले. प्रस्तावनेच्या ज्या पानावर तो आपला जन्म केंटमधल्या वील्ड भागातला असं सांगतो, तिथं ओळीचे शेवटचे दोन-दोन शब्द गायब. फोटोंची पानं तर काळी ठिक्कर. परत पाठवायचं म्हटलं तर आमच्या पिनकोडवरून पार्सल उचलण्याची सोय नाही असं उत्तर आलं, पुढच्या दोन मेलना तेही आलं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि डिंकाचा कणा तडकला. पुस्तक हातात धरलं की पानं पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर. मला राग आला तो पैशाचा नाही. एवढ्या मेहनतीनं केलेल्या पुस्तकाला कुणी इतक्या निष्काळजीपणानं हाताळावं, याचा आला.

ती सुटी पानं पिशवीत भरून एसटीनं परतवाड्याला गेले. तिथं एक म्हातारे बाइंडर आहेत, शाळेचे कॅटलॉग, ग्रामपंचायतीची रजिस्टरं, भजनाच्या वह्या, पोथ्या असं काम करतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक कटिंग मशीन आणि खळीची बादली. त्यांनी कण्यावरून अंगठा फिरवला अन् म्हणाले, ‘‘मॅडम, हे नुसतं चिकटवलेलं हाय. आपल्याकडच्या उन्हायात हे टिकत नाई. जुजबंदी करा लागते.’’ मी म्हटलं, भाऊ, अर्धं पुस्तकच नाही तर बांधता काय? तेव्हा त्यांच्या नातवानं मोबाइलवर इंटरनेट अर्काइव्ह उघडून सोमरचे दोन्ही खंड पाच मिनिटांत शोधले. फुकट, स्वच्छ स्कॅन. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं ए-फोर कागदावर दोन-दोन पानं अशा रीतीनं छापून घेतलं की चार कागद एकात एक घालून मधून दुमडले की सोळा पानांचा एक जुज होतो. असे पन्नासच्या वर जुज झाले.

मी तिथं बसून काम पाहिलं. दुमडीवर दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा जुजाच्या पोटातून काढायचा, पुढच्या जुजात घालायचा, मागच्याला अडकवायचा. खळीत थोडं मोरचूद टाकतात, कसर लागू नये म्हणून. पाठीवर मांजरपाटाची पट्टी, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर हिरवं रेक्झिन. शिवताना त्यांनी विचारलं, ‘‘हे काहाचं पुस्तक व्हय?’’ मी सांगितलं की एका माणसानं हे भाषांतर हातानं लिहिलं, लोक प्रती मागायला लागले, हात थकला, म्हणून तो उतारवयात छपाई शिकला. त्यांनी क्षणभर सुई थांबवली. ‘‘कागद कोणता वापरला त्यायनं?’’

हा प्रश्न मला ३१ वर्षांत सुचला नव्हता. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांचा करत, जुन्या लिननच्या कपड्यांच्या. आणि लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं कापड. आपण ज्याच्या बोंडातलं बी काढून चटणी कुटतो, तेल गाळतो, तेच जवस. हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘मंग टिकनच. धाग्याचा कागद हाय तो.’’ आणि पुढचा जुज घेतला.

पुस्तक वाचायला कसं आहे? प्राचीन ग्रीक कवी होमर वाचायला मिळेल या आशेनं घ्याल तर फसाल. या कथा होमरच्या नाहीत. ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं इलियड थेट ग्रीकवरून इंग्रजीत छापून यायला जॉर्ज चॅपमन या कवीपर्यंत, १५९८ पर्यंत थांबावं लागलं, तेही आधी सातच सर्ग. तोपर्यंत इंग्रज वाचकाचं छापील ट्रॉय मुख्यतः हेच, आणि शेक्सपिअरनं ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’साठी यातूनच उचललं. यात ज्युपिटर देव नाही, क्रीटचा राजा आहे. सगळे ग्रीक वीर घोड्यावर बसलेले, चिलखत घातलेले युरोपातले सरदार वाटतात. ट्रॉय एकदा नव्हे, तीनदा पडतं, त्यातलं दोनदा हर्क्युलिसच्या हातून. तिसरा भाग गुइडो देल्ले कोलोन्ने यानं १२८७ साली संपवलेल्या लॅटिन ग्रंथातून आलाय आणि त्याच्या मुळाशी पुन्हा बाराव्या शतकातलं जुनं फ्रेंच काव्य. लढायांची वर्णनं लांबतात. कुणी कुणाला घोड्यावरून पाडलं याच्या याद्या मी सरळ ओलांडल्या. पण देयानिरानं पाठवलेला तो विषारी सदरा हर्क्युलिस अंगात घालतो, तो भाग दोनदा वाचला. बायकोनं प्रेम परत मिळवायला पाठवलेलं कापड, आणि तेच अंगाला चिकटून जाळतं.

जुन्या स्पेलिंगला घाबरू नका. डोळ्यानं वाचू नका, मोठ्यानं वाचा. दहा-बारा पानांत जीभ वळते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता अंगणवाडी सेविका आहे, तिला मी एक पान वाचून दाखवलं तर निम्मं तिला कानानं कळलं.

पण खरं पुस्तक कडेला आहे, जिथं कॅक्स्टन स्वतः बोलतो. प्रस्तावनेत तो सांगतो की मी केंटचा, तिथली इंग्रजी इंग्लंडातल्या कुठल्याही ठिकाणाइतकीच रांगडी. तीस वर्षं ब्रॅबंट, फ्लँडर्स, हॉलंड, झीलंड या परमुलखांत गेली. आणि ज्या फ्रेंचमधून भाषांतर करतोय त्या फ्रान्समध्ये मी कधी पाऊल टाकलेलं नाही. हे वाचताना मी चष्मा काढून ठेवला. मी इंग्लंड पाहिलेलं नाही. माझ्या घरात डोळ्याला ‘डोया’ म्हणत, काळ्याला ‘काया’. बी.एड.च्या वर्गात एकदा माझ्या तोंडून ‘डोया’ गेलं तेव्हा शिकवणाऱ्यांनी मला सगळ्यांसमोर तो शब्द तीनदा म्हणायला लावला. त्यानंतर कित्येक वर्षं मी वर्गात सावधपणे बोलत राहिले, आणि मुलांच्या वह्यांतल्या ‘डोया’खाली लाल रेघ मारत राहिले. आणि इथं इंग्रजीतल्या पहिल्या छापील पुस्तकाचा माणूस पहिल्याच पानांत सांगतो की माझी बोली गावठी आहे, डचेसनं चुका काढल्या, मी दुरुस्त केल्या आणि पुस्तक पूर्ण केलं.

बोलीचा हा विषय त्यानं पुढंही सोडला नाही. १४९० साली त्यानं फ्रेंचवरून इनियास या ट्रॉयमधून निसटलेल्या वीराची कथा काढली, ‘इनीडॉस’. तिच्या प्रस्तावनेत थेम्स नदीवर वारा पडल्यामुळं अडकलेल्या व्यापाऱ्यांची गोष्ट आहे. एकानं किनाऱ्यावरच्या बाईकडं ‘एग्स’ मागितले. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. शेवटी दुसऱ्यानं ‘आयरेन’ म्हटलं, तेव्हा तिला अंडी कळली. दोन्ही शब्द इंग्रजीच. आता लिहिणाऱ्यानं यातलं कोणतं लिहायचं, असा प्रश्न कॅक्स्टन विचारतो.

आणि ‘रिक्युएल’च्या अगदी शेवटचं मनोगत. लेखणी झिजली, हात थकला आणि स्थिर राहत नाही, पांढऱ्या कागदाकडं बघून बघून डोळे मंदावले, वय रोज अंगावर चढतंय. मित्रांना पुस्तक लवकर देईन असा शब्द दिलाय. म्हणून पदरचे पैसे घालून छपाई शिकलो. हे पुस्तक इतर पुस्तकांसारखं लेखणीनं-शाईनं लिहिलेलं नाही, सगळ्यांना एकाच वेळी मिळावं म्हणून छापलंय. आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला महानुभावांनी पोथ्या अक्षर अक्षर हातानं उतरवून जपल्या. त्या हातांचे कष्ट ज्याला माहीत आहेत, त्याला या ओळीतला ‘एकाच वेळी’ हा शब्द किती मोठा आहे ते समजेल. त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की ट्रॉयच्या युद्धाबद्दल लिहिणारे डिक्टिस, डेअरीस आणि होमर यांच्या सांगण्यात मेळ नाही, ग्रीक ग्रीकांची बाजू घेतात. कोण खरा हे तो ठरवत नाही. ट्रॉय उद्ध्वस्त झालं यावर सगळे एक आहेत, एवढं सांगून थांबतो. विकतच्या रिप्रिंटमधून गेलं ते हे सगळं.

बाइंडरच्या कामात एक उणीव सांगायलाच हवी. दुसऱ्या खंडाची वरची बाजू कटिंगला जरा जास्त गेली, पानांचे आकडे कुठं कुठं अर्धे कापलेत. तुम्ही करून घेताना वर बोटभर समास सोडायला सांगा आणि कटिंग स्वतःसमोर करून घ्या. रेक्झिनऐवजी कापडी कव्हर मागा. रेक्झिन उन्हात हाताला चिकटतं. बाकी दोन उन्हाळे झाले, पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं, एक पान सुटलेलं नाही.

पुढचं काम ‘जेसन’चं. तेही लफेव्रचंच, कॅक्स्टननं १४७७ साली वेस्टमिन्स्टरला छापलेलं. त्याच्या सुरुवातीला तो सांगतो की ड्यूक फिलिपच्या एस्दँ इथल्या किल्ल्यात एक दालन होतं, भिंतींवर जेसननं सोनेरी लोकर मिळवल्याची चित्रं, आणि जेसनची जादूगार बायको मीडिया हिच्या विद्येची आठवण म्हणून यंत्रानं विजा, गडगडाट, बर्फ, पाऊस पाडायची सोय. ‘मी त्या दालनात गेलोय, ते पाहिलंय,’ असं तो लिहितो. जॉन मन्रो यांची १९१३ ची आवृत्ती उतरवून ठेवली आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड आटोपली, हातात पैसे आले की छापून घेऊन परतवाड्याला टाकीन. बाइंडरभाऊंना सांगून ठेवलंय, यावेळी कापड लावा आणि वर बोटभर जागा सोडा.