गोचा सीपीयू प्रोफाइलर, काही महिन्यांच्या वापरानंतर: रिकाम्या फाइलबद्दल अवाक्षर नाही

गो या प्रोग्रॅमिंग भाषेतला रनटाइम/पीप्रॉफ, म्हणजे प्रोग्रॅमचा सीपीयू वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफाइलर, रोजच्या कामात काही महिने वापरून झालाय. फ्लेम ग्राफ, टॉप, लिस्ट या त्याच्या अहवालांबद्दल काही तक्रार नाही. बोलायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, कारण तिच्यापायी फार वेळ वाया जातो: प्रोफाइल रिकामं आलं तर ते का आलं, हे कुणी सांगत नाही. प्रोफाइल थांबवून फाइल लिहिणारं स्टॉपसीपीयूप्रोफाइल हे फंक्शन काहीच परत देत नाही, एररसुद्धा नाही. फाइल आधीच बंद झालेली असो वा डिस्क भरलेली असो, लिहिणं फसलं तरी प्रोग्रॅम मुकाट संपतो. स्टँडर्ड लायब्ररीतल्या पॅकेजनं असं वागावं हे मला अजिबात पटत नाही.

त्यामुळे पीप्रॉफ उघडण्याआधी फाइलचा आकार बघा. 0 बाइट असणं आणि थोडे बाइट असूनही ‘टोटल सॅम्पल्स = 0’ दिसणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

0 बाइट म्हणजे बहुतेक वेळा स्टॉपपर्यंत गाडी पोचलीच नाही. सॅम्पल, म्हणजे प्रोग्रॅम त्या-त्या क्षणी कुठे होता याच्या नोंदी, तोवर मेमरीत साठत राहतात आणि फाइल स्टॉपच्या वेळी लिहिली जाते. स्टॉपला डिफर (फंक्शन संपताना चालवायची सूचना) लावला म्हणून निश्चिंत राहू नका. लॉग.फेटल आतून ओएस.एक्झिट(1) करतं आणि ओएस.एक्झिट एकही डिफर चालवत नाही. सर्व्हरच्या मेनमध्ये शेवटची ओळ लॉग.फेटल(एचटीटीपी.लिसनअँडसर्व्ह) असेल, तर वरचा डिफर नुसता शोभेचा. कंट्रोल-सी दाबलं तरी तेच, कारण त्यानं येणारा सिगिंट सिग्नल पकडला नाही तर प्रोसेस तिथेच मरते. दुसऱ्या गोरूटीनमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम पाडणारी चूक, झाला तरी मेनचे डिफर चालत नाहीत. उपाय सोपा आहे: सगळं काम एरर परत देणाऱ्या रन() मध्ये न्या, डिफर तिथेच ठेवा, एक्झिट फक्त मेनमध्ये करा. सिग्नलसाठी सिग्नल.नोटिफायकॉन्टेक्स्ट वापरा आणि कॉन्टेक्स्ट संपला की रन() मधून सरळ परत या. प्रोसेस जागीच मारणाऱ्या किल -9 ला मात्र औषध नाही.

डिफरचा क्रमही तपासा. शेवटी लावलेला आधी चालतो, म्हणून आधी फाइल बंद करण्याचा डिफर लिहायचा, मग स्टॉपचा. उलटं झालं की बंद फाइलवर लिहिलं जातं, आणि त्याची एरर गिळली जाते.

स्टार्टसीपीयूप्रोफाइल मात्र एरर देतं आणि लोक तीच तपासत नाहीत. गो टेस्टला सीपीयूप्रोफाइलचा फ्लॅग दिलाय आणि कोडमध्येही स्टार्ट आहे, तर दुसरा स्टार्ट ‘प्रोफाइलिंग आधीच चालू आहे’ असं कळवतो. दुर्लक्ष केलं तर तुमची फाइल रिकामी राहते, वर तुमचा स्टॉप टेस्टचं प्रोफाइल मध्येच बंद पाडतो.

आता दुसरं दुखणं. सॅम्पल सेकंदाला 100, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांना एक, आणि तेही सीपीयू वेळेचे. 3 मिलिसेकंदांत आटोपणाऱ्या कामाला बहुधा एकही सॅम्पल मिळत नाही. रेट वाढवण्यापेक्षा काम लूपमध्ये चालवा, बेंचमार्क असेल तर बेंचटाइम 10 सेकंद द्या. प्रोग्रॅम डेटाबेसची किंवा नेटवर्कची वाट बघत बसला असेल, तर 30 सेकंदांचं प्रोफाइलही जवळजवळ रिकामंच येणार, आणि त्यात काही चूक नाही. तिथे गो टूल ट्रेस वापरा. चॅनेल किंवा लॉकवर अडून बसला असेल, तर ब्लॉक प्रोफाइल घ्या; नेटवर्कची वाट त्यात दिसत नाही. ब्लॉक प्रोफाइलचा रेट मुळात 0 असतो. सेटब्लॉकप्रोफाइलरेट न करता ते घेतलं तर तेही रिकामंच हाती येतं!

चालू सर्व्हरकडून प्रोफाइल मागायचा एचटीटीपी एंडपॉइंट वापरल्यावर मत थोडं निवळलं. गोच्या जुन्या आवृत्त्यांत सर्व्हरचा राइटटाइमआउट (उत्तर लिहिण्याची मुदत) मागितलेल्या सेकंदांपेक्षा कमी असला, तर तो स्पष्ट शब्दांत नकार द्यायचा. म्हणजे नीट सांगता येतं, ठरवलं तर. फक्त प्रोफाइल चालू असताना सर्व्हरवर लोड हवा, नाहीतर निवांत सर्व्हरचं प्रोफाइलही निवांतच.

सी-शेअर्ड किंवा सी-आर्काइव्ह बिल्ड (दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडायची गो लायब्ररी) करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: युनिक्सवर तिथे सीपीयू प्रोफाइल आपोआप चालत नाही, कारण प्रोफाइलिंग ज्यावर चालतं तो सिगप्रॉफ सिग्नल मुख्य प्रोग्रॅमकडे जातो. सिग्नल.नोटिफायला सिगप्रॉफ दिला की चालू होतं, पण मुख्य प्रोग्रॅमचं स्वतःचं प्रोफाइलिंग त्यामुळे बिघडू शकतं.